राज्यसेवा पूर्वची आदली रात्र: पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी

राज्यसेवेचा, म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा अभ्यास कसा करायचा हे सांगणारे पायलीचे पन्नास भेटतात. पुस्तकांच्या याद्या, टॉपरच्या मुलाखती, विषयवार वेळापत्रकं, सगळं मिळतं. पूर्व परीक्षा, म्हणजे तिचा पहिला टप्पा, रविवारी असते. शनिवारी दुपारपासून रविवारी सकाळी केंद्राचं फाटक उघडेपर्यंतचे तास कसे काढायचे, हे मात्र कोणी नीट बसवून सांगत नाही. वर्षभर बरा अभ्यास केलेली मुलं-मुली शनिवारी रात्री अकराला नवीन पुस्तक उघडतात, पहाटे तीनला ‘या वेळी देऊच नये’ इथवर येऊन पोचतात आणि सकाळी जड डोळ्यांनी, आलेलं उत्तर सोडून भलत्याच पर्यायाचा गोल काळा करून येतात.

हा लेख त्या तासांबद्दल आहे. लिहिलाय पूर्व डोळ्यांसमोर ठेवून, पण संयुक्त गट ब, गट क, तलाठी, कुठलीही सरळसेवा असो, जिथे चार पर्याय आणि काळा गोल आहे तिथे यातलं बरंचसं चालेल.

त्या रात्री डोकं खोटं बोलतं

शनिवारी संध्याकाळी माणूस स्वतःचीच परीक्षा घ्यायला लागतो. समजा, मनात आलं: राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत विषय किती? २९ आठवतं. पाठोपाठ १८ सुद्धा आठवतं. आता यातला पंचायतींचा आकडा कुठला आणि नगरपालिकांचा कुठला? दहा सेकंद जातात, छातीत धस्स होतं. ‘एवढं साधं येत नाही तर बाकीचं काय येणार’ हे वाक्य आलं की पुढची घसरगुंडी ठरलेली. (२९ पंचायतींचे, अकराव्या अनुसूचीत, १८ नगरपालिकांचे, बाराव्या. सांगून टाकलं, नाहीतर पुढचा लेख तुम्ही वाचलाच नसता.)

इथे दोन गोष्टी एकाच वेळी घडत असतात. ताण वाढला की शरीरात कॉर्टिसोल वाढतं, आणि ते वाढलेलं असताना साठवलेली माहिती बाहेर काढण्याचं काम काही काळ मंदावतं. माहिती पुसली जात नाही, दार तेवढं जाम होतं. दुसरी गोष्ट अशी की रात्री अंथरुणावर पडून तुम्ही स्वतःला जो प्रश्न विचारता त्याला पर्याय नसतात. शून्यातून उत्तर काढणं आणि चार पर्यायांतून ओळखणं ही वेगवेगळी कामं आहेत, आणि पहिलं बरंच अवघड आहे. रविवारी तुम्हाला मुख्यतः दुसरं करायचं आहे.

याची उलट बाजूही सांगायला हवी. नोट्स चाळताना ‘हो, हे येतंय, हेही येतंय’ असं जे वाटतं, तेही फारसं खरं नसतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. एक गट उतारा पुन्हा पुन्हा वाचत होता, दुसरा न बघता आठवून लिहीत होता. पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना आपल्याला जास्त लक्षात राहील अशी खात्री होती. आठवड्यानंतर जास्त आठवलं ते दुसऱ्या गटाला.

म्हणजे शनिवारी रात्री ‘सगळं येतंय’ वाटलं तरी तो पुरावा नाही, आणि ‘काहीच येत नाही’ वाटलं तरी तो पुरावा नाही. तुमची तयारी किती आहे याचं मोजमाप गेल्या दोन महिन्यांतल्या टेस्टच्या गुणांत आहे. म्हणून एक नियम करा: शनिवारी दुपारी तीननंतर अभ्यासाबद्दलचा कुठलाही नवा निर्णय घ्यायचा नाही. नवीन पुस्तक, नवीन पीडीएफ, ‘आधी पर्यावरण सोडवू की इतिहास’, ‘या वेळी नव्वद अटेम्प्ट करूया’, ‘द्यायचीच नाही’, हे सगळे निर्णयच आहेत. जे ठरवायचं ते तीनच्या आधी ठरवून कागदावर लिहा. तीननंतर फक्त हातापायांची कामं.

पहिलं काम: पिशवी

हे सगळ्यात कंटाळवाणं आहे म्हणून सगळ्यात आधी. आयोग ज्याला प्रवेशप्रमाणपत्र म्हणतो आणि आपण हॉल तिकीट, त्याच्या दोन प्रिंट काढा. शनिवारीच. रविवारी सकाळी झेरॉक्सची दुकानं बंद असतात हे दर परीक्षेला कुणाला ना कुणाला केंद्राजवळ कळतं. मूळ ओळखपत्र (आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना यांपैकी हॉल तिकिटावर दिलेलं) आणि त्याची झेरॉक्स. मोबाइलमधला आधारचा फोटो म्हणजे ओळखपत्र नव्हे. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी अर्जातलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळतं का ते बघावं. नसेल तर विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्राची प्रत सोबत ठेवावी.

काळ्या शाईची दोन-तीन बॉलपेनं, जी तुम्ही याआधी वापरली आहेत अशी. नवं कोरं पेन पहिल्या गोलालाच अडकतं. स्मार्टवॉच, ब्लूटूथ, कॅल्क्युलेटर घरीच. मोबाइल न्यावाच लागणार असेल तर तो कुठे ठेवणार हे आज ठरवा.

मग हॉल तिकिटामागच्या सूचना एकदा सावकाश वाचा. सगळ्या. क्लासच्या सरांनी तीन वर्षांपूर्वी सांगितलेला नियम नाही, तुमच्या जाहिरातीचा आणि तुमच्या हॉल तिकिटावरचा. पिशवीची चेन लावा आणि ती दाराच्या कडीला अडकवून ठेवा. रात्री बारा वाजता ‘आधार घेतलं का’ ही शंका येणारच. तेव्हा उठून पिशवी उघडायची नाही, नुसतं दाराकडे बघायचं.

दुसरं: उपकेंद्र डोळ्यांनी बघून या

जिल्हा तुम्ही निवडलेला असतो, शाळा-कॉलेज आयोग देतो. एकाच संस्थेच्या दोन इमारती, मुलांची प्रशाला आणि मुलींची प्रशाला, जुना कॅम्पस आणि नवा कॅम्पस, असे घोळ सगळ्या शहरांत आहेत. नकाशावरची सुई चुकीच्या फाटकाकडे नेते. शक्य असेल तर शनिवारी चार-पाच वाजता जाऊन या, फाटक बघा, बाजूला चहाची टपरी कुठे, स्वच्छतागृह कुठे हेही विचारून घ्या. लातूरहून संभाजीनगरला किंवा गावाकडून जिल्ह्याला येणार असाल तर शनिवारी संध्याकाळपर्यंत पोचा. रविवारी पहाटेच्या एसटीवर भरवसा ठेवणं म्हणजे काळजीला घरी जेवायला बोलावणं.

जाऊन येण्याचा दुसरा फायदा असा की चालणं होतं. तासभर चाललेल्या माणसाला रात्री झोप लवकर येते.

तिसरं: टेलिग्राम

हे जरा विस्ताराने सांगतो, कारण आदल्या रात्रीचं निम्मं नुकसान इथून होतं.

पूर्वच्या आदल्या रात्री ग्रुपांवर तीन प्रकारचं पीक येतं. पहिलं, ‘उद्याच्या पेपरसाठी अतिमहत्त्वाचे १०० प्रश्न’. त्यातले दहा तुम्हाला आले नाहीत की रात्र गेली. हे प्रश्न काढणाऱ्याला उद्याच्या पेपरात काय आहे हे तुमच्याइतकंच माहीत असतं.

दुसरं, पेपर फुटल्याच्या बातम्या आणि पैशांच्या बदल्यात पेपर देण्याचे मेसेज. यातले बहुतेक थेट फसवणुकीचे असतात. पैसे जातात ते जातात, नंतर गुन्ह्यात नाव येतं ते वेगळंच. असा मेसेज किंवा फोन आला तर स्क्रीनशॉट काढून पोलिसांकडे किंवा आयोगाकडे पाठवा आणि विषय संपवा. ‘खरं असेल तर बाकीच्यांचं आधीच झालं असेल’ हा विचार रात्रभर कुरतडतो. त्याचा उपाय एकच, ग्रुप न बघणं.

तिसरं, ‘परीक्षा पुढे गेली’. ही अफवा चिवट आहे कारण तिला इतिहास आहे. १४ मार्च २०२१ ची पूर्व ११ मार्चला पुढे ढकलल्याचं जाहीर झालं, पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली आणि परीक्षा २१ मार्चला झाली. २५ ऑगस्ट २०२४ ची पूर्व २२ ऑगस्टला पुढे ढकलली गेली, तेव्हाही पुण्यात आंदोलन झालं होतं, आणि ती १ डिसेंबरला झाली. त्यामुळे ‘होऊ शकतं’ असं वाटणं चूक नाही. पण या दोन्ही वेळा निर्णय तीन दिवस आधी आला, आणि अधिकृतपणे जाहीर होऊन आला. शनिवारी रात्री दहा वाजता कुणाच्या रूम पार्टनरच्या ओळखीतल्या अधिकाऱ्याकडून आलेली बातमी ही बातमी नाही. मनाचा एक कोपरा तिची वाट बघत असतो, कारण परीक्षा पुढे गेली तर आजची भीती टळते. हे ओळखून ठेवा म्हणजे तिच्यामागे धावणार नाही.

म्हणून काय करायचं: संध्याकाळी सहाला आयोगाचं संकेतस्थळ एकदा बघा. काही नाही? मग टेलिग्राम काढून टाका. म्यूट नाही, अनइन्स्टॉल. सोमवारी परत टाकता येतं.

चौथं: उजळणी किती आणि कशाची

काहीच वाचू नका असा सल्ला देणारे असतात. मला तो पटत नाही. ज्याला रोज दहा तास वाचायची सवय आहे त्याने अचानक हातात काहीच धरलं नाही तर तो अस्वस्थच होतो. वाचा, पण दोन-अडीच तास, आणि फक्त आपलंच, स्वतःच्या हाताने लिहिलेलं.

यात सगळ्यात कामाचं असतं ते ‘गोंधळणाऱ्या जोड्यां’चं एक पान. आदल्या रात्री अख्खा विषय कधीच विसरत नाही, एकमेकांसारख्या दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात, आणि पेपर काढणारेही नेमक्या त्याच पर्यायांत शेजारी शेजारी ठेवतात. माझ्या मते अशा पानावर साधारण हे असावं:

प्रार्थना समाज १८६७, सत्यशोधक समाज १८७३, आर्य समाज १८७५. पंचायत राजच्या समित्या: वसंतराव नाईक १९६०, बोंगिरवार १९७०, पी. बी. पाटील १९८४. जिल्हा परिषद आणि पंचायत समिती अधिनियम १९६१ चा, अमलात १ मे १९६२ पासून. ७३ वी घटनादुरुस्ती पंचायतींची, ७४ वी नगरपालिकांची. कळसूबाई १६४६ मीटर, साल्हेर १५६७.

हे पान वाचायचं नाही. डावीकडची नावं उघडी ठेवून उजवीकडचे आकडे हाताने झाका, मनात उत्तर द्या, मग हात काढा. चुकलं तर खूण करा, पुढे जा. दोन फेऱ्या झाल्या की पान संपलं. असं पान तुमच्याकडे नसेल तर आज करायला बसू नका. जुन्या टेस्टमधले चुकलेले प्रश्न बघा, काम तेच होतं.

पूर्ण टेस्ट शनिवारी सोडवू नये. गुण कमी आले तर रात्र वाया, जास्त आले तर त्याने काही सिद्ध होत नाही. सीसॅटची, म्हणजे दुपारच्या दुसऱ्या पेपरची, दोन-तीन गणितं हात मोकळा राहावा म्हणून सोडवली तर चालतील. आणि रात्री साडेआठला वह्या बंद. अभ्यासिकेत बसलेले बाकीचे बारापर्यंत बसणार आहेत, त्यांना बसू द्या. समोरच्या टेबलावरचा मुलगा अजून वाचतोय हे बघून वाढलेला अभ्यास डोक्यात शिरत नाही.

पाचवं: शंका कागदावर उतरवा

जेवणानंतर दहा मिनिटं काढा. एक कोरा कागद घ्या आणि उद्याबद्दल जे जे वाटतंय ते जसंच्या तसं लिहा. व्याकरण नको, सुविचार तर नकोतच. ‘कटऑफ दोन मार्कांनी हुकला तर बाबांना काय सांगू’, ‘वय सरत चाललंय’, ‘अर्थव्यवस्था मला कधी कळलीच नाही’, ‘रूमचं भाडं’, जे असेल ते. शिकागो विद्यापीठात रमिरेझ आणि बायलॉक यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात परीक्षेच्या अगदी आधी दहा मिनिटं आपली भीती लिहून काढणाऱ्या विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारलेली दिसली, विशेषतः ज्यांना एरवी परीक्षेची जास्त भीती वाटते त्यांची. त्यांचं म्हणणं असं की काळजी डोक्यात घोळत राहिली की ती विचार करायची जागा अडवते. लिहिली की थोडी जागा मोकळी होते.

लिहून झालं की प्रत्येक ओळीपुढे दोनपैकी एक शब्द टाका: ‘आज’ किंवा ‘नंतर’. ‘अलार्म वाजला नाही तर’ हे आज. दुसरा अलार्म लावा, मित्राला सहाला फोन करायला सांगा. ‘कटऑफ’ हे नंतर. बहुतेक ओळींपुढे ‘नंतर’ येतं, हे एकदा स्वतःच्या अक्षरात बघितलेलं बरं असतं. कागद वहीत ठेवा, फाडा, काहीही करा.

यात ‘काळजी’च्या पलीकडचं काही उतरलं, जगण्यातच अर्थ नाही असं काहीतरी, तर तो कागद बाजूला ठेवून झोपायचं नाही. जवळच्या माणसाला त्याच वेळी उठवा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

सहावं: घरचा फोन आणि जेवण

घरचा फोन रात्री साडेनऊला येऊ देऊ नका, सातला आपणच करा. आई जेवलास का विचारेल, वडील ‘पेपर कुठंय, किती वाजता’ विचारतील, आणि त्यामागचा खरा प्रश्न सगळ्यांना माहीत असतो. आधीच सांगून टाका: ‘सगळी तयारी झालीय, आता लवकर झोपतोय, उद्या पेपर सुटल्यावर मीच फोन करतो.’ मामा, काका, शेजारचे निवृत्त गुरुजी यांचे शुभेच्छांचे फोन येणार असतील तर आईलाच म्हणा, त्यांना उद्या संध्याकाळी बोलेन म्हणून सांग. ती ते चोख करते.

जेवण नेहमीच्याच मेसचं, नेहमीपेक्षा थोडं कमी. वरण-भात, खिचडी, ताक. टेन्शनने भूक नसेल तर जबरदस्ती नको, दूध-केळं घ्या. ‘उद्या पेपर म्हणून’ बाहेर मिसळ किंवा चिकन हाणायला जाऊ नका. घाबरलेलं पोट आधीच नाजूक झालेलं असतं. चहा-कॉफी दुपारनंतर बंद. कॅफिनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनीही अंगात असतो, म्हणजे सातचा कडक चहा बारालाही जागाच.

सातवं: झोप येत नाही तेव्हा

रोज एकला झोपणारा माणूस नऊला अंथरुणावर पडला तर त्याला झोप येणार नाही. शरीराचं घड्याळ नेहमीच्या झोपेच्या आधीच्या दोन-तीन तासांत उलट सगळ्यात जागं असतं. मग तो तासभर कूस बदलतो आणि ठरवतो की आपल्याला निद्रानाश झालाय. म्हणून नेहमीच्या वेळेच्या अर्धा-पाऊण तास आधी पडा, त्याहून आधी नको. ज्यांची वेळ फारच उशिराची आहे त्यांनी ती चार-पाच दिवस आधीपासून थोडी थोडी मागे आणायला हवी होती. आणली नसेल तर आज पाच-साडेपाच तासांची झोप मिळेल हे धरून चाला. एका रात्रीच्या कमी झोपेने वर्षभराचा अभ्यास जात नाही. ‘झोप नाही झाली, आता संपलं’ या भीतीने मात्र सकाळ खराब होते.

पडून वीस-पंचवीस मिनिटं झाली आणि डोळा लागत नाही? उठा. दिवा मंद ठेवा, खुर्चीत बसा, परीक्षेशी संबंध नसलेलं काहीतरी कंटाळवाणं वाचा. जुना दिवाळी अंक या कामाला फार चांगला. मोबाइल नाही. पेंग आली की परत अंथरुणावर. धडधड होत असेल तर श्वास आत घ्यायला चार आकडे, सोडायला सहा-सात. सोडणं लांबवलं की हृदयाची गती उतरते. पाच मिनिटं पुरतात.

रूम पार्टनरची झोपेची गोळी, सर्दीची गोळी, ‘धडधड थांबवणारी’ गोळी, यातलं काहीही त्या रात्री पहिल्यांदा घेऊ नका. सर्दीच्या कित्येक गोळ्यांची गुंगी दुसऱ्या दिवशी सकाळीही राहते, आणि धडधडीवरच्या काही गोळ्या दमा असणाऱ्याला धोक्याच्या आहेत.

आणि पहाटे तीनला जाग आली आणि ‘या वेळी देऊच नये, पुढच्या वर्षी पूर्ण तयारीने’ हा विचार आला, तर त्याला एवढंच सांगा की हा निर्णय आहे आणि निर्णयाची वेळ तीन वाजता दुपारीच संपली.

सकाळी, आणि पेपरात

सकाळचं सांगण्यासारखं फार नाही. पोहे-चहा, गोंधळणाऱ्या जोड्यांचं पान एकदा, आणि फाटकाबाहेर घोळक्यात उभं न राहणं. तिथे कुणीतरी हमखास विचारतं, ‘अरे, ते कालचं निर्देशांकाचं वाचलंस का?’ लांब, झाडाखाली उभे राहा.

खरी शंका पेपरात येते. सामान्य अध्ययनाचे (जीएस) १०० प्रश्न, २०० गुण, दोन तास. बरोबरला दोन गुण, चुकीला पाव, म्हणजे अर्धा गुण वजा. हे गणित आधी डोक्यात पक्कं करून जा, म्हणजे भीतीच्या जागी हिशेब येईल. चारही पर्याय सारखेच अनोळखी असताना मारलेल्या चार तुक्क्यांत सरासरी एक बरोबर येतो: दोन मिळाले, दीड गेले, हाती अर्धा. जवळजवळ काहीच नाही, आणि नशीब आडवं आलं तर उणे. एक पर्याय खात्रीने उडाला तर तीन प्रश्नांमागे एक गुण हाती राहतो. दोन उडाले तर दर दोन प्रश्नांमागे दीड. म्हणून माझा कल असा: दोन पर्याय उडालेला प्रश्न सोडू नये, एकही न उडालेल्या प्रश्नाला हात लावू नये, आणि एक उडालेल्यांचं टेस्टमधल्या स्वतःच्या अनुभवावर ठरवावं. टेस्टमध्ये तुमचे तुक्के लागत नसतील तर परीक्षेतही लागणार नाहीत.

आता उत्तर बदलण्याबद्दल. ‘पहिलं मनात आलेलंच बरोबर असतं, बदलू नये’ हे आपण शाळेपासून ऐकतो. अभ्यास वेगळं सांगतात. क्रुगर, विर्ट्झ आणि मिलर यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दीड हजारांवर उत्तरपत्रिकांमधल्या खोडाखोडी तपासल्या. बदललेल्या उत्तरांपैकी ५१ टक्के चुकीवरून बरोबरवर गेली होती, २५ टक्के बरोबरवरून चुकीवर, उरलेली एका चुकीवरून दुसऱ्या चुकीवर. मग समजूत इतकी घट्ट का? बदलून चुकलेला प्रश्न जास्त जिव्हारी लागतो आणि म्हणून जन्मभर लक्षात राहतो. बदलून बरोबर आलेला कुणी आठवत बसत नाही.

पण आपल्याकडे पेच असा की गोल बॉलपेनने भरायचा असतो. एकदा काळा केला की विषय संपला. म्हणून शंकेला जागा गोलाच्या आधी द्यायची, प्रश्नपुस्तिकेत. पहिल्या फेरीत खात्रीच्या प्रश्नांवर बरोबरची खूण, दोन पर्यायांत अडकलेल्यावर प्रश्नचिन्ह आणि ते दोन पर्याय गोल करून ठेवा, बाकीचे फुलीने उडवा. एक पान झालं की त्यावरच्या खात्रीच्या प्रश्नांचे गोल लगेच भरा, प्रश्न क्रमांक बोट ठेवून जुळवत. सगळे गोल शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी ठेवणारे एक क्रमांक चुकवतात आणि पुढचे सगळे सरकतात.

दुसऱ्या फेरीत प्रश्नचिन्हाकडे परत आलात आणि मन बदलायला लागलं, तर एकच प्रश्न विचारा: बदलायला कारण काय? ‘विधान ब मध्ये ‘‘फक्त’’ हा शब्द मघाशी दिसलाच नव्हता’ हे कारण आहे. ‘बोंगिरवारचं साल १९७० आहे हे पुढच्या प्रश्नावरून आठवलं’ हेही कारण आहे. ‘सलग चार उत्तरं दोन नंबरची आली’, ‘एवढा सोपा कसा विचारतील’ ही कारणं नाहीत. कारण शब्दांत सांगता आलं तर बदला, नाही आलं तर आहे तेच ठेवून गोल भरा आणि पुन्हा त्या पानावर जाऊ नका.

पहिले चार-पाच प्रश्न लागोपाठ अनोळखी निघाले तर पेन खाली ठेवा, दोन लांब श्वास सोडा, आणि पुस्तिकेच्या मधलं कुठलंही पान उघडा. पहिल्या पानापासूनच सुरुवात करायची सक्ती नाही. तुमच्या हक्काच्या विषयाचे प्रश्न पुढे कुठेतरी आहेतच.

दोन पेपरांच्या मधे

पहिला पेपर सुटला की फाटकाबाहेर उत्तरं जुळवण्याचा बाजार भरतो. तिथे थांबू नका. दुपारी सीसॅट आहे, ८० प्रश्न, २०० गुण, आणि तो आता पात्रतेपुरता आहे: ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण. एका प्रश्नाला अडीच, म्हणजे चुका वजा न होता २७ बरोबर आले की काठावर पोचलात. जीएस उत्तम गेलेला माणूस इथे अडकला तर त्याचा जीएस कुणी बघतही नाही. पहिल्या पेपरात तीन चुकल्याचं टपरीवर कळून ते आता बदलणार नाही, उतारे वाचताना मात्र तेच तीन प्रश्न डोळ्यांपुढे नाचतील. डबा खा, पंधरा मिनिटं डोळे मिटा, कानात काहीतरी नको ते ऐकू आलं तर जागा बदला.

सीसॅट सुटल्यावर आधी घरी फोन, कबूल केल्याप्रमाणे. त्याच संध्याकाळी वेगवेगळ्या क्लासच्या उत्तरतालिका येऊ लागतात आणि त्यांची आपसात पटत नाही. एकीत तुम्ही पास असता, दुसरीत नापास. काही दिवसांनी आयोगाची पहिली उत्तरतालिका येते, तिच्यावर हरकती मागवतात, मग अंतिम येते, आणि यात काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्दही होतात. तोपर्यंत प्रश्नपुस्तिका जपून ठेवा. कुठल्या संचाची होती हे पहिल्या पानावर असतंच, पण तुम्ही कुठला पर्याय भरला त्या खुणा तिच्यातच आहेत, आणि हरकत घ्यायची वेळ आली तर संदर्भाचं पान शोधायला त्याच लागतील.